बायबलमधलं अरण्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल वाचताना अरण्य पुन्हा पुन्हा भेटतं. उत्पत्तीत हागार तिथं रडते, निर्गममध्ये अख्खं राष्ट्र तिथं राहतं, शुभवर्तमानांत येशू तिथं उपाशी असतो आणि प्रकटीकरणातही ते सुटत नाही. त्याबद्दल बायबल-वर्गांत हमखास निघणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं दिली आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. काही प्रश्न दोन वाक्यांत मिटतात, काही मिटत नाहीत.

बायबलमधलं अरण्य म्हणजे कसली जागा?

दाट झाडी डोळ्यांसमोर आणू नका. वाळूच्या टेकड्यांचं वाळवंटही बहुतेक ठिकाणी नाही. खडकाळ, उघडी, शेती होत नाही अशी जमीन, हे चित्र जास्त खरं. पावसाळ्यानंतर थोडे दिवस तिथं गवत उगवतं, म्हणून मेंढपाळ कळप घेऊन जातात. बाकी वर्षभर पाणी शोधावं लागतं. आणि पाऊस पडलाच तर कोरड्या ओढ्यांना अचानक लोंढे येतात. तहानेनं मरण्याची भीती असलेल्या प्रदेशात माणूस बुडूनही मरू शकतो.

यहूदाचं अरण्य घ्या. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, तर मृत समुद्राचा काठ समुद्रसपाटीच्या ४३० मीटरहून अधिक खाली. दोन्हींमध्ये सरळ रेषेत जेमतेम २५ किलोमीटर अंतर. भूमध्य समुद्राकडून येणारे ढग डोंगरमाथ्यावर रिते होतात, त्यामुळे यरुशलेमात वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मृत समुद्राच्या काठी १०० मिलिमीटरही पडत नाही. म्हणजे राजधानीपासून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या आत अरण्यात असे. बायबलच्या लोकांसाठी अरण्य ही कुठली तरी दूरची गोष्ट नव्हती. ते गावाच्या मागच्या बाजूलाच सुरू होत असे.

किती अरण्यांची नावं येतात?

बरीच. मिसरच्या (इजिप्तच्या) वाटेवरचं शूर, एलीम आणि सीनाय यांच्यामधलं सीन, सीनायचं अरण्य, पारान, कादेशजवळचं त्सीन, आणि कनानच्या (इस्राएलला देऊ केलेल्या देशाच्या) आत यहूदाचं अरण्य. यहूदाच्या अरण्याचेच भाग पुढे जीफ, मावोन, एन-गेदी अशा नावांनी येतात. सीन आणि त्सीन ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. वाचताना इथं गोंधळ होतोच.

अरण्यात देवाची भेट सगळ्यात आधी कुणाला झाली? मोशेला ना?

नाही, एका दासीला. हागार मिसरी होती. सारेच्या जाचाला कंटाळून ती गरोदरपणी पळाली आणि शूरच्या वाटेवरच्या झऱ्याजवळ थांबली (उत्पत्ती १६). ही वाट मिसरकडे जाते. ती बहुधा माहेरच्या मुलखाकडे निघाली होती. देवदूतानं तिला नावानं हाक मारली. अब्राम आणि सारेच्या तोंडी त्या अध्यायात ती फक्त ‘दासी’ आहे, ही बारीक गोष्ट नजरेतून निसटू नये. मग तिनं देवाला नाव दिलं: मला पाहणारा देव. बायबलमध्ये देवाला नाव देणारी पहिली व्यक्ती ही, आणि जागा अरण्यातली विहीर.

दुसऱ्यांदा (उत्पत्ती २१) ती पळाली नाही, तिला घालवून दिलं गेलं. भाकरी, पाण्याची मसक आणि मुलगा घेऊन ती बैर-शेबाच्या अरण्यात भटकली. मसकेतलं पाणी संपलं तेव्हा तिनं मुलाला एका झुडपाखाली टाकलं आणि बाण पोचेल इतक्या अंतरावर जाऊन बसली, कारण मुलाचं मरण तिला बघवणार नव्हतं. देवानं तिथं नवा झरा फोडला असं मजकूर म्हणत नाही. त्यानं तिचे डोळे उघडले आणि तिला विहीर दिसली. इश्माएल पुढे पारानच्या अरण्यात वाढला, तिरंदाज झाला. त्याच्यासाठी अरण्य ही वाट नव्हती, घर होतं. देव त्याच्याबरोबर होता असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

मिसरहून कनान इतकं जवळ असताना ४० वर्षं का लागली?

दोन वेगळी कारणं आहेत आणि ती अनेकदा एकत्र केली जातात.

पहिलं कारण युद्धाचं. पलिष्ट्यांच्या देशातून जाणारी वाट जवळची होती, पण लढाई दिसताच लोक घाबरून मिसरला परत फिरतील म्हणून देवानं त्यांना अरण्याच्या वाटेनं वळवलं (निर्गम १३:१७). ही शिक्षा नव्हती, सांभाळ होता.

४० वर्षांचं कारण नंतरचं. कादेशहून १२ हेर कनानात गेले, ४० दिवसांनी परतले. दहा जणांनी धास्ती पसरवली, कालेब आणि यहोशवा एका बाजूला पडले, आणि लोकांनी पुढे जायला नकार दिला. तेव्हा एका दिवसाला एक वर्ष असा हिशेब ठरला (गणना १४). अनुवाद या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात एक वाक्य आहे: होरेबहून (हे सीनायचंच दुसरं नाव) कादेश-बर्ण्या ११ दिवसांच्या वाटेवर आहे. आणि लगेच पुढचं वाक्य चाळिसाव्या वर्षाबद्दल आहे. लेखकानं त्यावर काहीही टिप्पणी केलेली नाही. गरजच नव्हती.

मान्ना म्हणजे काय होतं?

अरण्यात इस्राएलला रोज मिळालेलं अन्न: दव सुकल्यावर जमिनीवर उरणारे बारीक, पांढरे कण. धण्याएवढे, मधाच्या पोळीसारख्या चवीचे. काही झुडपांवर कीटकांमुळे जमणाऱ्या गोड स्रावाशी त्याची सांगड घातली जाते. पण मजकुराला रस त्या पदार्थात नाही, नियमात आहे. माणशी एक ओमर, म्हणजे ठरावीक एक माप. जास्त गोळा केलं त्यांना उरलं नाही, कमी गोळा केलं त्यांना तुटलं नाही. सकाळपर्यंत ठेवलं तर किडे पडत. सहाव्या दिवशी दुप्पट मिळे आणि तेवढं एकच दिवस टिके, कारण सातवा दिवस शब्बाथाचा, विसाव्याचा.

मिसरात हेच लोक फारोसाठी कोठारांची नगरं बांधत होते (निर्गम १:११). कोठारं बांधणाऱ्यांना अरण्यात पहिल्यांदा मिळालं ते साठवताच न येणारं अन्न. माझ्या मते अरण्याच्या सगळ्या कथांची किल्ली इथंच आहे. तिथं उद्याची सोय आज करता येत नाही, त्यामुळे देवावरचा विश्वास हा विचार न राहता रोजच्या जेवणाचा प्रश्न होतो. लोक कनानात पोचून तिथलं धान्य खाऊ लागले आणि मान्ना थांबला (यहोशवा ५:१२).

दहा आज्ञा अरण्यातच का मिळाल्या? ती भूमी पवित्र होती म्हणून?

जळत्या झुडपाजवळची जागा पवित्र आहे, जोडे काढ, असं मोशेला सांगितलं होतं खरं. पण ते देव तिथं होता म्हणून. त्याच डोंगराच्या पायथ्याशी सोन्याचं वासरू ओतलं गेलं, आणि तेही मोशे वर पाट्या घेत असताना. अरण्यानं कुणाला आपोआप शुद्ध केलं नाही. सीनायपाशी उभी राहिलेली पिढी कालेब आणि यहोशवा वगळता अरण्यातच संपली.

तरी एक गोष्ट खरी आहे. त्या डोंगरावर कुठल्याच राजाचं राज्य नव्हतं. देश मिळण्याआधी, राजा नेमण्याआधी, मंदिर बांधण्याआधी नियम मिळाले. देवाचा निवास तेव्हा तंबूत होता, आणि तंबू उचलता येत असे.

मग अरण्य ही शिक्षा की प्रेमाची जागा?

बायबलमध्ये दोन्ही आठवणी आहेत आणि त्या एकमेकींत मिसळून टाकण्याची घाई करू नये.

स्तोत्र ९५ मध्ये देव मरीबा आणि मस्साची, म्हणजे लोकांनी पाण्यावरून त्याला आजमावलं त्या जागेची, आठवण काढतो ती नाराजीनं: त्या पिढीचा मला वीट आला. यिर्मया मात्र त्याच काळाला लग्नानंतरचे दिवस म्हणतो; पेरणी होत नाही अशा भूमीत तू माझ्या मागोमाग आलीस, असं देव इस्राएलला सांगतो (यिर्मया २). होशेय आणखी पुढे जातो. बेइमान झालेल्या पत्नीला देव पुन्हा अरण्यात नेईल आणि तिच्या मनाला धीर येईल असं बोलेल (होशेय २:१४). शेतं, द्राक्षमळे, देवळं हे सगळं असताना जे ऐकू आलं नाही, ते तिथं ऐकू येईल ही संदेष्ट्याची आशा.

अनुवाद ८ या दोन्हींच्या मध्ये उभं आहे. ४० वर्षं तुला नम्र केलं, तुझी परीक्षा पाहिली, तुला उपाशी ठेवलं आणि मग मान्ना दिला. तुझे कपडे जीर्ण झाले नाहीत, पाय सुजले नाहीत. बाप मुलाला शिस्त लावतो तसं हे होतं, असं तो अध्याय म्हणतो. तो अध्याय ऐकणारे लोक यार्देन ओलांडायच्या बेतात आहेत, आणि मोशेची खरी काळजी अरण्याबद्दल नाहीच. पोटभर जेवल्यावर, चांगली घरं बांधल्यावर तुम्ही विसराल, ही त्याची काळजी आहे.

दावीद अरण्यात का होता?

राजा शौल त्याच्या जिवावर उठला होता म्हणून. जीफ, मावोन, एन-गेदी या भागांत तो सोबतीच्या माणसांसह लपत फिरला. त्याच्याभोवती जमले ते अडचणीत आलेले, कर्जबाजारी आणि वैतागलेले लोक (१ शमुवेल २२). एन-गेदीच्या गुहेत शौल हाताशी सापडला तेव्हा दावीदानं फक्त त्याच्या झग्याचा काठ कापला, आणि त्याबद्दलही त्याचं मन त्याला खाऊ लागलं. ‘कोरड्या, रुक्ष, निर्जल भूमीत’ देवासाठी तहानलेलं स्तोत्र ६३ याच अरण्याशी जोडलेलं आहे.

एलीयाच्या कथेत देव वारा, भूकंप, अग्नी यांत नव्हता म्हणजे काय?

लोक बहुधा थेट त्या तिन्हींनंतर आलेल्या मंद वाणीपाशी जातात. मला त्याआधीचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो (१ राजे १९). ईजबेल राणीच्या धमकीनं पळालेला संदेष्टा एलीया बैर-शेबाला चाकराला सोडतो, एक दिवसाची वाट चालून रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. मग झोपतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. उठ, खा, एवढंच. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो, आणि देवदूत त्याला झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवताना तो फक्त म्हणतो की वाट तुला झेपणार नाही. थकून गेलेल्या माणसाशी कसं वागावं याचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही.

होरेबवर त्याला दोनदा एकच प्रश्न विचारला जातो: एलीया, तू इथं काय करतोस? प्रश्नात हलकासा कान पिळलेला आहे. मंद वाणीनंतर त्याला मिळतो तो हुकूम: अरण्याच्या वाटेनं दिमिष्काकडे (दमास्कसकडे) परत जा. मोशेलाही जळत्या झुडपापासून मिसरला परत पाठवलं होतं, हागारेला पहिल्या वेळी घरी. देवाची भेट अरण्यात होते, काम सहसा दुसरीकडे असतं.

अरण्यात भुतं राहतात असं बायबल म्हणतं का?

तशी समजूत मजकुरात दिसते. प्रायश्चित्ताच्या दिवशी लोकांची पापं एका बकऱ्याच्या डोक्यावर ठेवून तो अरण्यात, अजाजेलाकडे (हा बहुधा अरण्यातला दुष्ट आत्मा) सोडला जाई (लेवीय १६). येशूही म्हणतो की माणसातून निघालेला अशुद्ध आत्मा निर्जल ठिकाणी विसावा शोधत हिंडतो (मत्तय १२:४३). म्हणून सैतानाशी गाठ तिथं पडली यात पहिल्या वाचकांना काही नवल वाटलं नसेल.

योहान बाप्तिस्मा करणारा यरुशलेमात का गेला नाही?

तो याजकाचा मुलगा, मंदिरात त्याची जागा ठरलेली होती. त्यानं उंटाच्या केसांचं वस्त्र नेसलं, टोळ आणि रानमध खाल्ला आणि लोकांना शहराबाहेर यायला लावलं. ‘अरण्यात परमेश्वराचा मार्ग तयार करा’ हे यशया ४० मधलं वचन मूळचं बाबेलच्या बंदिवासातून परतण्याबद्दलचं. मृत समुद्राकाठच्या कुमरानला १९४७ पासून सापडलेल्या गुंडाळ्यांवरून कळतं की तिथल्या पंथानंही अरण्यातल्या आपल्या वास्तव्याचा अर्थ याच वचनावरून लावला होता. योहान त्या पंथातला होता याला मात्र पुरावा नाही. कुमरानचे लोक स्वतःला जगापासून आत ओढून घेणारे होते. योहानाकडे जकातदार आणि शिपाई येत आणि तो त्यांना आपापल्या कामावर परत पाठवी.

येशूला अरण्यात जायची काय गरज होती?

शुभवर्तमानकार मार्क दोनच वचनांत सांगतो: आत्म्यानं त्याला लगेच अरण्यात घालवलं, तिथं तो ४० दिवस होता, वनपशूंमध्ये होता आणि देवदूत त्याची सेवा करत होते. शब्द जोरकस आहे, आणि हे बाप्तिस्म्यानंतर लगोलग घडतं. ‘तू माझा प्रिय पुत्र’ ही वाणी झाली आणि पुढचं पाऊल भुकेत. वनपशूंचा उल्लेख फक्त मार्क करतो. कुणी त्यात धोका पाहतं, कुणी एदेन बागेसारखी शांती.

मत्तय आणि लूक तीन परीक्षा सांगतात. येशूची तिन्ही उत्तरं अनुवादातून आहेत, अध्याय ६ आणि ८ मधून, म्हणजे अरण्यातून बाहेर पडणाऱ्या इस्राएलला मोशेनं केलेल्या भाषणातून. मत्तयाचा क्रम निर्गमशी ताडून पाहा. धोंड्यांच्या भाकरी करण्याची परीक्षा मान्नाच्या कुरकुरीसमोर बसते. मंदिराच्या कंगोऱ्यावरून उडी, म्हणजे देवाला आजमावणं, हे मस्साचं पाप. येशू उद्धृत करतो त्या वचनात मस्साचं नावच आहे. आणि नमन करून राज्य मिळवणं सोन्याच्या वासरासमोर. इस्राएल जिथं जिथं घसरलं तिथं तिथं तो उभा राहतो.

भाकरीची परीक्षा वरवर निरुपद्रवी वाटते. उपाशी माणसानं जेवण्यात पाप काय? सैतानाचं म्हणणं असं की पुत्र असशील तर स्वतःची सोय स्वतः कर, आणि मान्नाचा नियम नेमका त्याच्या उलट होता. आणखी एक: दुसरी आणि तिसरी परीक्षा अरण्याच्या बाहेरची आहे, मंदिरावरची आणि उंच डोंगरावरची. लूक शेवटी लिहितो की सैतान संधी मिळेपर्यंत त्याला सोडून गेला.

४० हा आकडा खरा की प्रतीकात्मक?

जलप्रलयाचा पाऊस ४० दिवस, मोशे डोंगरावर ४० दिवस, एलीयाची होरेबपर्यंतची चाल ४० दिवस. लेखकांना हा धागा ठाऊक होता, एवढं नक्की. ईस्टरपूर्वीचा ४० दिवसांचा उपवासकाळही यावरूनच आला.

पाच हजारांना भाकरी वाटल्या त्याचा अरण्याशी संबंध आहे?

थेट आहे. शिष्यांची तक्रारच ती: ही जागा ओसाड आहे आणि दिवस मावळत आलाय. अरण्यात खायला काय मिळणार, हा इस्राएलचाच जुना प्रश्न. फरक एवढाच की मान्ना उरवला तर नासत असे, इथं उरलेल्या तुकड्यांनी १२ टोपल्या भरल्या. योहान ६ मध्ये लोक स्वतःच मान्नाचा विषय काढतात आणि येशू त्यांना सुनावतो की तुमच्या वाडवडिलांनी मान्ना खाल्ला तरी ते मेले.

येशूच्या नंतर अरण्य येतं का?

येतं. फिलिप्पाला यरुशलेमहून गज्जाकडे जाणाऱ्या ओसाड वाटेवर पाठवलं जातं आणि तिथं रथात यशया वाचत बसलेला हबशी अधिकारी भेटतो (प्रेषितांची कृत्ये ८). पौल धर्मांतरानंतर अरबस्तानात गेला असं गलतीकरांना लिहितो, पण तिथं काय केलं ते सांगत नाही. इब्री लोकांस पत्र ३ आणि ४ अध्यायांत अरण्यातल्या पिढीला ताकीद म्हणून पुढे करतं.

प्रकटीकरणात अरण्य दोनदा येतं. अध्याय १२ मध्ये अजगरापासून पळालेल्या स्त्रीचं तिथं १२६० दिवस पोषण होतं. अध्याय १७ मध्ये ते पुस्तक लिहिणाऱ्या योहानाला आत्म्यानं अरण्यात नेलं जातं आणि तिथं तो पशूवर बसलेली मोठी कलावंतीण पाहतो. एकाच पुस्तकात आसराही तिथं आणि किळस आणणारं दर्शनही तिथं.

संन्यासी अरण्यात का गेले?

मिसरमधला अंतोनी हे सर्वांत प्रसिद्ध नाव. ‘आपलं असेल नसेल ते विकून टाक’ हे वचन चर्चमध्ये ऐकून त्यानं मालमत्ता वाटून टाकली, पुढे एका पडक्या गढीत साधारण २० वर्षं एकांतात काढली, आणि ३५६ साली तो वारला. अथनेशियसनं लिहिलेल्या त्याच्या चरित्रानं ही वाट दूरवर पोचवली. पाखोमियसनं चौथ्या शतकातच एकत्र राहणाऱ्या संन्याशांचे मठ उभे केले. हे लोक नुसते प्रार्थना करत बसत नव्हते. खजुरीच्या पात्यांच्या टोपल्या आणि चटया विणून विकत. चर्चला राजाश्रय मिळून सोयीचे दिवस आले तेव्हाच अरण्याकडे गर्दी वाढली, हा योगायोग नसावा.

बायबलमधल्या बहुतेकांना अरण्यातून परत पाठवलं गेलं, हे मात्र तिथंच राहिले. ही ताण देणारी गोष्ट आहे. पण सल्ला विचारायला लोक त्यांच्यामागे इतके गेले की खरा एकांत त्यांना फारसा लाभलाच नाही.

माझ्या संकटाला ‘अरण्यकाळ’ म्हणणं बरोबर आहे का?

म्हणा, पण जपून. प्रत्येक अडचणीला हा शब्द लावला की दोन गोष्टी हरवतात. एक, हागार आणि दावीद अरण्यात स्वतःला घडवायला गेले नव्हते. त्यांच्यावर अन्याय झाला होता, आणि अन्यायाला देवाची शाळा म्हणून मोकळं होता येत नाही. दुसरी, दुसऱ्याच्या दुःखाला हा शब्द आपण लावायचा नसतो. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक होते.

ही ठिकाणं आज पाहता येतात का?

काही. जबल मूसा हा २२८५ मीटर उंच डोंगर परंपरेनं सीनाय मानला जातो. अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. त्याच्या पायथ्याशी सम्राट जस्टिनियननं सहाव्या शतकात बांधवून घेतलेला संत कॅथरीनचा मठ उभा आहे. यहूदाच्या अरण्यात किद्रोनच्या घळीवर ४८३ साली स्थापन झालेला मार साबा मठ आहे. यरीहोजवळच्या कड्यावर परीक्षेचा डोंगर दाखवतात.

वाचायला कुठून सुरुवात करावी?

उत्पत्ती १६ आणि २१, निर्गम १५ ते १७, मग अनुवाद ८. लगेच मत्तय ४ काढा, म्हणजे येशू कुठून बोलतोय ते कळेल. एलीयासाठी १ राजे १९ एका बैठकीत वाचा. गणना ३३ शेवटी ठेवा. तो अध्याय म्हणजे इस्राएलच्या मुक्कामांची यादी आहे: इथून निघाले, तिथं तळ दिला, चाळीसहून अधिक वेळा. पहिल्यांदा तो कंटाळवाणा वाटतो, पण एवढं वाचून झाल्यावर मरा, एलीम, रफीदीम ही नावं नुसती नावं राहिलेली नसतात.